आशेचा बाजार आणि मुका रुग्ण

घरातील कुत्र्याला कर्करोग झाल्याचे निदान झाले, की त्या घरापुढे दोन प्रश्न एकदमच येऊन उभे राहतात. हा जगेल का, हा पहिला; आणि यावर किती खर्च करायचा, हा दुसरा. पहिला प्रश्न मोठ्याने विचारला जातो, दुसरा विचारण्याची लाज वाटते. ज्या प्राण्याने दहा वर्षे दारात बसून वाट पाहिली, त्याच्या जिवाचा जमाखर्च मांडायचा ही कल्पनाच अनेकांना निष्ठुरपणाची वाटते. आणि घरच्या माणसांना तो मांडण्याची लाज वाटते म्हणूनच दुसराच कोणी तरी तो स्वतःच्या सोयीने मांडून देतो. महिन्याच्या पगारावर संसार चालविणारा शिक्षक किंवा कारकून अशा वेळी ठेव मोडतो, उसनवारी करतो, आणि तरीही आपण पुरेसे केले नाही ही टोचणी त्याच्या मनात राहतेच. या टोचणीच्या आधारावर आज एक मोठा बाजार उभा राहिला आहे. त्याचे स्वरूप समजावून घेणे केवळ कुत्री पाळणाऱ्यांच्याच हिताचे आहे असे नाही.

कुत्र्यांमधील कर्करोग वाढलेला दिसतो, त्याचे एक कारण शुभवार्तेसारखेच आहे. डिस्टेंपर, पार्व्हो, रेबीज यांसारख्या रोगांवर लसी आल्या, आहार सुधारला, पाळीव कुत्री म्हातारपणापर्यंत जगू लागली. आणि कर्करोग हा प्रामुख्याने उतारवयाचा रोग आहे. लसिका-ग्रंथींचा कर्करोग, मोठ्या चणीच्या जातींत आढळणारा हाडांचा कर्करोग, प्लीहेतील रक्तवाहिन्यांचा कर्करोग, त्वचेवरील गाठी, कुत्रीच्या स्तनांतील गाठी हे त्याचे नेहमीचे प्रकार. यांपैकी काही गाठी वेळीच कापून काढल्या तर रोग कायमचा जातो. पण सर्वच प्रकारांबाबत असे भाग्य लाभत नाही. लसिका-ग्रंथींच्या कर्करोगावर उपचार केले नाहीत, तर बहुतेक कुत्री एक-दोन महिन्यांत दगावतात. अनेक औषधे आळीपाळीने देण्याची केमोथेरपी पाच-सहा महिने चालते. तिने दहांपैकी आठ-नऊ कुत्र्यांच्या गाठी विरतात हे खरे. परंतु रोग बहुधा परततो आणि हाती साधारण एका वर्षाचे आयुष्य लागते. हाडांच्या कर्करोगात नुसता पाय काढला तर चार-पाच महिने, जोडीला केमोथेरपी दिली तर दहा-बारा महिने. ज्याचे सारे आयुष्यच दहा-बारा वर्षांचे, त्याच्या दृष्टीने एक वर्ष काही थोडे नव्हे. पण 'बरा होईल' हे शब्द ऐकावयास आलेल्या मालकाला 'एक वर्ष मिळेल' हे शब्द नकारासारखेच वाटतात. पर्यायाचा शोध सुरू होतो तो येथून.

दोन शब्दांची गल्लत

हा शोध अनेक वाटांनी जातो. कोणी हळद, गुळवेल, गोमूत्राचा अर्क सुचवितो. कोणी होमिओपॅथीच्या गोळ्या, कोणी भांगेच्या झाडापासून काढलेले तेल, कोणी धान्य पूर्णपणे वर्ज्य करणारा आहार. चीनमधील युनान प्रांताचे नाव असलेली रक्तस्राव थांबविणारी पूड आणि 'टर्की टेल' या बुरशीचा अर्क परदेशांतून मागविला जातो. त्याच वेळी कर्करोगावरील लस, रोगप्रतिकारशक्तीला चेतविणारी इंजेक्शने, नव्या गोळ्या यांच्या बातम्याही कानावर येत असतात. या सर्वांना मिळून 'दुसरे काही तरी' असे एकच नाव दिले जाते, आणि सगळा घोटाळा होतो तो या नावामुळेच.

वास्तविक पर्यायी उपचार आणि प्रायोगिक उपचार या दोन अगदी भिन्न गोष्टी होत. त्यांतील फरक वनस्पती आणि रसायन यांच्यातला नाही, प्राचीन आणि अर्वाचीन यांच्यातला तर मुळीच नाही. प्रयोग करणारा आधी सांगून ठेवतो, की किती कुत्र्यांना औषध देणार, कशाशी तुलना करणार आणि यश कशाला म्हणणार. मग जी मेली त्यांचीही नोंद तो ठेवतो आणि ती प्रसिद्ध करतो. पर्यायी म्हणून जे विकले जाते त्यात बरी झालेली कुत्री तेवढी छायाचित्रासह सांगितली जातात. मेलेल्यांची गणती कोणत्याच वहीत नसते. ज्या पेढीत केवळ जमेची बाजू लिहिली जाते, तिच्यात कोणी शहाणा माणूस ठेव ठेवणार नाही. परंतु औषधाच्या बाबतीत तो नेमके हेच करतो. असे का व्हावे?

विश्वासावर घ्यावयाची वस्तू

अर्थशास्त्राने या प्रश्नाचा विचार पुष्कळ केला आहे. केनेथ ॲरो यांनी १९६३ साली वैद्यकीय सेवेवरील आपल्या सुप्रसिद्ध निबंधात दाखवून दिले, की अनिश्चितता हाच या सेवेचा स्थायीभाव असल्यामुळे तिचा बाजार भाजीच्या किंवा कापडाच्या बाजारासारखा चालत नाही. १९७० साली जॉर्ज ॲकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या उदाहरणाने सांगितले, की मालाचा कस विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकून लावतो. पुढे १९७३ साली मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी आणखी एक प्रकार वेगळा काढला: ज्या वस्तूचा गुण वापरल्यानंतरही ग्राहकाला कळत नाही, ती केवळ विश्वासावर घ्यावी लागते. आंबा आंबट निघाला तर खाल्ल्यावर कळते. औषध घेऊन बरे वाटले, तर ते औषधाने की आपोआप, हे मात्र कळत नाही.

कुत्र्याच्या कर्करोगात ही अडचण दुणावते. येथे पैसे देणारा एक, औषध घेणारा दुसरा. ज्याच्या अंगावर उपचार होतो त्याला बोलता येत नाही. मळमळ होते आहे, वेदना असह्य आहे, आता पुरे, यांपैकी काहीही तो सांगू शकत नाही. त्याच्या वतीने उत्तर देतो तो मालक. आणि मालकाने तर आशा विकत घेतलेली असते. २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. सांधेदुखीने लंगडणाऱ्या ज्या कुत्र्यांना औषधाऐवजी निव्वळ निरुपयोगी गोळी दिली होती, त्यांच्याविषयी मालकांना विचारले गेले, आणि कुत्र्याचा पाय जमिनीवर किती भार देतो हे यंत्रानेही मोजले गेले. यंत्राला फरक दिसत नव्हता तेथे अनेक मालकांना सुधारणा दिसत होती. एवढेच नव्हे, तर तपासणाऱ्या पशुवैद्यांचेही तसेच झाले. हे लोक काही लबाड नव्हते. प्रेमाची आणि अपेक्षेची नजर अशीच असते.

यात रोगाची स्वतःची चाल भर घालते. लसिका-ग्रंथींच्या कर्करोगात स्टेरॉइडच्या स्वस्त गोळ्यांनी गाठी काही आठवडे आटतात, भूक वाढते, कुत्रे पुन्हा शेपूट हलवू लागते. त्याच दिवसांत एखादी पूड सुरू केलेली असेल तर श्रेय पुडीला मिळते, आणि चार घरी तिचे नाव होते. याहून गंभीर गोष्ट अशी, की आधी स्टेरॉइड देत राहिल्यास पुढे केमोथेरपीचा प्रभाव कमी पडण्याचा धोका असतो. 'आधी हे करून पाहू, मग तिकडे वळू' हा मार्ग म्हणूनच वाटतो तितका बिनखर्चाचा नाही. गेलेला काळ हीही किंमतच असते.

सदाफुलीची साक्ष

याचा अर्थ झाडपाला म्हणजे भोंदूगिरी, असा मात्र कोणी घेऊ नये. तसे म्हणणाऱ्याला अंगणातली सदाफुलीच खोटे पाडील. या झाडाची पाने मधुमेहावर गुणकारी असतात, ही समजूत आपल्याकडे आहे तशी वेस्ट इंडीजमधील जमैकातही होती. १९५०च्या दशकात ती पाने कॅनडातील रॉबर्ट नोबल यांच्याकडे पोहोचली. त्यांनी उंदरांवर प्रयोग केला, तेव्हा रक्तातील साखर काही उतरली नाही. मात्र रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. निराश होऊन प्रयोग गुंडाळण्याऐवजी नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बिअर यांनी या अनपेक्षित नोंदीचा पाठपुरावा केला, आणि १९५८ साली व्हिनब्लास्टिन हे द्रव्य वेगळे काढले. त्याच झाडातून मिळालेल्या व्हिन्क्रिस्टिनला अमेरिकेत १९६३ साली औषध म्हणून मान्यता मिळाली. आज मुलांच्या रक्तकर्करोगावर ते वापरले जाते, आणि कुत्र्यांच्या केमोथेरपीतही त्याचे स्थान पक्के आहे.

भारतातील रस्त्यांवर तर या औषधाची थोरवी प्रत्यक्षच पाहावयास मिळते. मोकाट कुत्र्यांत जननेंद्रियावर येणारी, समागमातून एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी एक गाठ सर्रास आढळते. पशुवैद्य तिला टी. व्ही. टी. म्हणतात. या रोगात जंतू नाही, विषाणू नाही. कर्कपेशीच थेट एका कुत्र्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर रुजतात. हजारो वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एका कुत्र्याच्या पेशी अशा रीतीने आजवर जिवंत राहिल्या आहेत. ही गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजविता येते, हे रशियन पशुवैद्य नोविन्स्की यांनी १८७६ सालीच दाखविले होते. आठवड्यातून एकदा याप्रमाणे व्हिन्क्रिस्टिनची चार-सहा इंजेक्शने दिली की बहुतेक कुत्री या रोगातून पूर्ण बरी होतात. अन्य कर्करोगांच्या उपचारांच्या मानाने हा खर्च किरकोळच म्हणावा लागेल.

आता जो सदाफुलीची पाने कुटून कुत्र्याला चारील, त्याला हे यश मिळणार नाही. उलट विषबाधेचीच शक्यता अधिक. शेकडो किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर औषध निघते, आणि त्याची मात्रा थोडी चुकली तरी घात होतो. लोकसमजुतीने झाडाकडे बोट दाखविले, हे तिचे ऋण मान्यच केले पाहिजे. पण ती सांगत होती मधुमेहाविषयी आणि गुण निघाला भलत्याच रोगावर. हा गुण हाती लागला तो मोजमापामुळे.

अलीकडचे उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे. तेथील क्वीन्सलंडच्या पर्जन्यवनातील एका झाडाच्या बियांतून टिगिलानॉल टिग्लेट हे द्रव्य मिळाले. कुत्र्यांच्या त्वचेवरील मास्ट पेशींच्या गाठीत त्याचे इंजेक्शन दिले असता चार आठवड्यांनी ७५ टक्के कुत्र्यांची गाठ पूर्णपणे नाहीशी झाली. ज्यांना ते दिले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण ५ टक्के होते. अमेरिकेने नोव्हेंबर २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. हेही वनस्पतिजन्यच औषध. पण ७५ या आकड्याशेजारी ५ हा आकडा लिहिलेला असल्यामुळेच पहिल्या आकड्याला अर्थ आहे.

अपयशाची नोंद

टर्की टेल बुरशीची हकीकत याच्या उलट बाजूची, आणि म्हणून अधिक बोधप्रद आहे. २०१२ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी प्लीहेचा कर्करोग झालेल्या १५ कुत्र्यांना या बुरशीचा अर्क दिला. सर्वाधिक मात्रा मिळालेल्या गटातील निम्म्या कुत्र्यांनी सुमारे १९९ दिवसांचा पल्ला गाठला. या रोगाच्या मानाने तो बराच लांबचा असल्यामुळे बातमी जगभर पोहोचली आणि अर्काच्या बाटल्या खपू लागल्या. संशोधक मात्र तेथेच थांबले नाहीत. त्याच विद्यापीठाने पुढे शंभराच्या आसपास कुत्र्यांवर रीतसर तुलनात्मक चाचणी केली. २०२२ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बुरशीच्या अर्काने केमोथेरपीहून अधिक आयुष्य मिळाल्याचे तीत आढळले नाही. पहिली बातमी ज्यांनी वाचली त्यांच्यापैकी कितीजणांपर्यंत दुसरी पोहोचली असेल? बाटल्या अजूनही विकल्या जातात, त्या पहिल्या बातमीच्याच बळावर.

अपयश केवळ बुरशीच्याच वाट्याला येते असेही नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००३ साली माणूस आणि प्राणी यांच्या कर्करोगांचा एकत्रित अभ्यास करण्याचा कार्यक्रम सुरू केला. प्रयोगशाळेतील उंदराच्या अंगी कर्करोग मुद्दाम निर्माण करावा लागतो. कुत्र्याला तो आपल्याच घरात, आपल्याच हवेत, आपोआप होतो. म्हणून त्याच्या रोगावरून माणसाच्या रोगाविषयी अधिक शिकता येते. या कार्यक्रमात हाडांच्या कर्करोगावर सिरोलिमस हे औषध तीनशेहून अधिक कुत्र्यांत तपासले गेले. आधीच्या प्रयोगांनी मोठी उमेद दिली होती, परंतु आयुष्य काही वाढले नाही. आणि तसे संशोधकांनी छापून टाकले. पुढच्या कुत्र्याला ते औषध व्यर्थ घ्यावे लागू नये, हा त्या छापील अपयशाचा लाभ होय.

'मरणारच आहे, मग हरकत काय?'

या युक्तिवादाला भावनेचे बळ आहे, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. माणसाच्या बाबतीत तो न्यायालयापर्यंत गेलेला आहे. जर्दाळूच्या बियांतील द्रव्यापासून बनविलेले लेट्रिल हे औषध १९७०च्या दशकात अमेरिकेत कर्करोगावर अतोनात खपत होते. मरणासन्न रुग्णांना तरी ते घेऊ द्यावे, ही मागणी तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे आली. १९७९ साली न्यायालयाने एकमताने निर्णय दिला, की औषध सुरक्षित व गुणकारी असले पाहिजे ही कायद्याची अट मरणासन्न रुग्णालाही लागू आहे. ज्याची आशा संपत आली आहे त्यालाच लुबाडणे सर्वांत सोपे असते, हा त्यामागील अनुभव. पुढे १९८२ साली १७८ रुग्णांवरील चाचणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. कोणीही बरे झाले नव्हते, आणि काहींच्या शरीरात सायनाइडच्या विषबाधेची लक्षणे दिसली होती.

माणसाने निदान स्वतः होऊन ते औषध घेतले होते. कुत्र्याला ही निवड नाही. गाठ जाळणारे मलम लावले की कातडी झडते आणि मूळ मात्र आत तसेच राहते. त्या जखमेचे दुःख सोसायचे असते त्याला. जी गाठ लहान असताना कापून काढली असती तर रोग संपला असता, ती दोन महिने पुड्या देण्यात वाढू दिली, तर 'हरकत काय' या प्रश्नाचे उत्तर मिळते, पण उशिरा.

तथापि दोष एकाच बाजूला टाकून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. लोक पर्यायाकडे वळतात त्याला आधुनिक पशुवैद्यकही काही अंशी कारणीभूत आहे. एकामागून एक तपासण्या लिहून दिल्या जातात, पण एकूण खर्च किती आणि त्यातून आयुष्य किती, हे क्वचितच एका कागदावर मांडून दिले जाते. पुड्या देणारा मात्र अर्धा तास बसतो, कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवितो, मालकाचे ऐकून घेतो. त्याच्याकडे औषध नसेल, पण वेळ असतो. शिवाय वेदनाशामक औषधे, भूक लागण्याचे उपाय, आणि शेवटी पशुवैद्याच्या हातून शांतपणे मरण येऊ देणे, हाही उपचारच आहे, हे स्पष्ट शब्दांत सांगणारे थोडे. 'काहीच करू नका' आणि 'वाटेल ते करा' या दोनच वाटा समोर दिसत असतील, तर मालक दुसरीकडे धावणार यात नवल नाही.

काय करता येईल?

कायद्याची अडचण समजतो तितकी मोठी नाही. १९५४चा औषधे व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आपल्याकडे आहेच. ज्या रोगांवरील औषधांच्या जाहिरातीस त्याने मनाई केली आहे त्यांत कर्करोगाचा समावेश आहे. आणि बहुतेकांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की त्या कायद्यातील 'औषधा'च्या व्याख्येत माणसांप्रमाणेच प्राण्यांची औषधेही येतात. कुत्र्याचा कर्करोग बरा करण्याची जाहिरात देणारा कायद्याच्या कक्षेबाहेर नाही. प्रश्न अंमलबजावणीचा आहे.

दुसरी गरज नोंदवहीची. मुंबईत १९६३ साली माणसांच्या कर्करोगाची नोंद ठेवण्यास सुरुवात झाली आणि देशाला प्रथमच या रोगाचे चित्र दिसू लागले. परळच्या एकाच परिसरात १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय आहे. २०२४ साली महालक्ष्मीला टाटा न्यासाचे प्राण्यांचे रुग्णालयही उभे राहिले. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथेही पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. कोणत्या कुत्र्याला कोणता कर्करोग झाला, कोणता उपचार दिला, मग तो ॲलोपॅथीचा असो वा आयुर्वेदाचा, आणि ते किती दिवस जगले, एवढ्या चार रकान्यांची वही या संस्थांनी मिळून ठेवली, तर गुळवेलीचा आणि हळदीचा दावाही त्याच तराजूत घालता येईल. जो दावा खरा असेल त्याला या तराजूची भीती वाटण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. ज्या उपचाराचा गुण अद्याप ठरावयाचा आहे, त्याची किंमत रुग्णाच्या मालकाकडून घेणे म्हणजे ज्ञान मिळविण्याचा खर्च सर्वांत हतबल माणसावर लादणे होय. ज्ञान सर्वांच्या उपयोगी पडणार आहे, तेव्हा त्याचा खर्च शासनाने, विद्यापीठाने किंवा औषधनिर्मात्याने उचलावा. एखाद्या उपचाराला कोणी 'प्रायोगिक' म्हणत असेल आणि त्यासाठी भरपूर दामही मागत असेल, तर त्या दोहोंपैकी एक गोष्ट खोटी आहे असे खुशाल समजावे.

या सुधारणा होतील तेव्हा होतील. तोपर्यंत आजारी कुत्र्याच्या मालकाला स्वतःचे रक्षण स्वतःच करावे लागणार आहे, आणि त्यासाठी त्याला वैद्यक शिकण्याची गरज नाही. किती खर्च करायचा, हा प्रश्न विचारण्याची लाज मात्र त्याने सोडावी. आपल्या मिळकतीत किती बसते, त्यातून कुत्र्याला किती सुखाचे दिवस मिळतील, आणि ते दिवस त्याच्या सुखाचे असतील की केवळ आपल्या समाधानाचे, हे पाहणे हा त्या मुक्या जिवाचा हक्कच आहे. मग औषध देणारा डॉक्टर असो, वैद्य असो वा व्हॉट्सॲपवरून सल्ला पाठविणारा हितचिंतक असो, त्याला तीन प्रश्न विचारावेत: हे आजवर किती कुत्र्यांना दिले? त्यांतली किती, किती दिवस जगली? आणि उरलेल्यांचे काय झाले?